डब्याखालच्या दोन बॅटऱ्या

रात्रीच्या साध्या पॅसेंजर गाडीत कधी कधी एकच डबा अंधारात बुडतो. पंखे मंदावतात, दिवे तांबूस होत होत विझतात, आणि पुढच्या-मागच्या डब्यांत मात्र लखलखाट असतो. इंजिन तर तेच, रूळही तेच, मग एकाच डब्याच्या नशिबी काळोख का? याचे उत्तर असे की भारतीय रेल्वेचा साधा प्रवासी डबा दीर्घकाळ इंजिनाकडून वीज घेतच नव्हता. प्रत्येक डब्याच्या पोटाखाली त्याचे स्वतःचे छोटेसे वीजघर टांगलेले असे: चाकांच्या आसावरून पट्ट्याने फिरणारे एक जनित्र आणि लोखंडी पेट्यांत ठेवलेल्या शिसे-आम्ल बॅटऱ्या. या वीजघराच्या पहिल्या यशस्वी आराखड्यांपैकी एकात बॅटरी एक नव्हती, दोन होत्या. आज मोटारींत दुसरी बॅटरी बसवण्याची चर्चा नव्या तंत्रज्ञानाच्या आविर्भावात होते. तिचे मूळ मात्र सव्वाशे वर्षांपूर्वीच्या रेल्वेच्या डब्याखाली सापडते.

शिसे-आम्ल घट गास्तों प्लांते या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने 1859 मध्ये सिद्ध केला. तो पुन्हा पुन्हा भारित करता येणारा पहिला व्यवहार्य घट होता. पण त्याच्या शिशाच्या पत्र्यांवर क्रियाशील थर तयार होण्यासाठी तो अनेक आठवडे भारित आणि रिकामा करत राहावे लागे. 1881 मध्ये कामिल फॉर याने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देण्याची युक्ती काढली आणि तीच धारणक्षमता कमी श्रमात मिळू लागली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये लंडन ते ब्रायटन या मार्गावर ‘बिअॅट्रिस’ नावाचा पुलमन डबा फॉरच्या घटांवर उजळला. विजेच्या दिव्यांनी प्रकाशित झालेला हा जगातला पहिला रेल्वे डबा मानला जातो. प्रयोग देखणा होता, पण टिकाऊ नव्हता. घट रिकामे झाले की ते स्थानकात स्थिर यंत्राला जोडून पुन्हा भारित करावे लागत. म्हणजे डबा जाईल तेथे वीज पोचत नसे, उलट वीज असेल तेथे डब्याला परत यावे लागे. लंडन-ब्रायटन हे अंतर तासाभराचे असल्याने ते चालून गेले. मुंबईहून कलकत्त्याला निघालेल्या गाडीचे त्यावर भागले नसते.

तोवर गाड्यांत तेलाचे दिवे होते. नोकर डब्याच्या टपावर चढून छपराच्या भोकांतून पेटते दिवे खाली सोडत. त्यानंतर आला वायू. बर्लिनच्या युलियस पिंट्शने खनिज तेलापासून वायू करून तो दाबाखाली नळकांड्यांत भरण्याची पद्धत रूढ केली. ही नळकांडी डब्याखाली बसवली जात. प्रकाश तेलापेक्षा पुष्कळ चांगला, खर्च बेताचा, भरणे सोपे. युरोपात हजारो डबे या वायूवर चालत आणि भारतातल्याही काही कंपन्यांनी तो स्वीकारला. लाकडी डबा आणि त्याखाली दाबाने भरलेला ज्वालाग्राही वायू, या जोडीतला धोका कोणाला दिसत नव्हता असे नाही. तो परवडत होता, एवढेच.

हिशेब उलगडला तो अपघातांत. 24 डिसेंबर 1910 रोजी इंग्लंडमधल्या हॉज जंक्शनजवळ आणि सप्टेंबर 1913 मध्ये तेथून काही मैलांवरच्या एस गिल येथे झालेल्या दोन्ही अपघातांत डब्यांना आग लागली आणि ती वायूने भडकवली. दोन्ही वेळा चौकशी अधिकाऱ्यांचे बोट वायूच्या दिव्यांकडे गेले. त्यानंतर 22 मे 1915 रोजी स्कॉटलंडमधल्या क्विंटिन्सहिल येथे सैनिकांची एक गाडी उभ्या गाडीवर आदळली आणि काही क्षणांत तिसरी गाडी त्या ढिगाऱ्यात घुसली. सैनिकांचे डबे जुने, लाकडी, वायूच्या दिव्यांचे होते. नळकांडी प्रवासापूर्वी नुकतीच भरलेली होती. आग दुसऱ्या दिवसापर्यंत धुमसत राहिली. दोनशेहून अधिक माणसे मेली, त्यांत बहुतेक रॉयल स्कॉट्स पलटणीतले तरुण होते. अपघाताचे मूळ कारण सिग्नलच्या कामातली बेपर्वाई हे खरे. पण टकरीतून वाचलेली माणसे जळून का मेली, या प्रश्नाचे उत्तर सिग्नलच्या खोलीत नव्हते. ते डब्याच्या पोटाखाली होते. सगळ्यांत बोचणारी बाब ही की डब्यात सुरक्षित उजेड कसा करावा हे तोपर्यंत वीस वर्षे माहीत होते.

ही माहिती लंडनजवळच्या डेटफर्ड येथील जे. स्टोन आणि कंपनीने 1890 च्या दशकात प्रत्यक्षात उतरवली होती. कल्पना वरवर साधी: चाक फिरतेच आहे, त्याच्या आसावरून पट्टा काढून डब्याखालचे जनित्र फिरवावे, जनित्राने बॅटरी भरावी आणि बॅटरीने दिवे जाळावेत. अडचणी मात्र एकीतून दुसरी निघत गेल्या. गाडी थांबते, हळू धावते, वेगाने धावते आणि उलट्या दिशेनेही धावते. जनित्राच्या फेऱ्या वाढल्या की त्याचा विद्युतदाब वाढतो. दिशा उलटली की त्याची धन-ऋण टोके उलटतात. आणि गाडी उभी राहिली की बॅटरीच उलट जनित्राला मोटारीसारखे फिरवू पाहते. आजच्या विद्यार्थ्याला या तिन्ही प्रश्नांची उत्तरे डायोड आणि ट्रान्झिस्टर यांत दिसतात. 1890 च्या दशकातल्या अभियंत्याजवळ होते लोखंड, तांबे, चामडे आणि गुरुत्वाकर्षण.

स्टोनच्या आराखड्यातला सर्वांत सुंदर भाग चामड्याच्या पट्ट्याचा आहे. जनित्र डब्याच्या सांगाड्याला पक्के न आवळता झुलते टांगलेले असे आणि पट्टा त्याला लंबरेषेपासून थोडे ओढून धरी. त्यामुळे पट्ट्यातला ताण जनित्राच्या स्वतःच्या वजनानेच ठरून जाई. पट्टा घर्षणाने जेवढा पीळ देऊ शकतो त्याला यामुळे एक वरची मर्यादा पडली. जनित्राला फिरवण्यासाठी लागणारा पीळ त्यातून वाहणाऱ्या प्रवाहावर अवलंबून असतो. गाडीचा वेग वाढला, प्रवाह वाढू लागला, आवश्यक पीळ त्या मर्यादेला पोचला, की पट्टा घसरू लागे. मग गाडी ताशी तीस मैल धावो की साठ, जनित्राच्या फेऱ्या जवळपास तेवढ्याच राहत. वेगाचे नियमन करणारे कोणतेही स्वतंत्र यंत्र नाही. घसरणारा पट्टा हेच नियंत्रण. घर्षणात ऊर्जा वाया जाई, पट्टा तापे आणि झिजे, पण झिजलेला पट्टा कोणत्याही मोठ्या स्थानकात बदलता येत असे. अभियांत्रिकीच्या इतिहासात अशा ‘ओबडधोबड’ उपायांना फारसा मान मिळत नाही. तो मिळायला हवा.

उरलेले दोन प्रश्न जनित्राच्या दांड्यावर बसवलेल्या केंद्रोत्सारी नियंत्रकाने सोडवले. ठरावीक गती आली की फिरणारी वजने बाहेर फेकली जात आणि कळ जोडली जाई. गती उतरली की कळ सुटे आणि बॅटरीतून जनित्राकडे उलटा प्रवाह जाण्याचा मार्ग बंद होई. गाडीची दिशा बदलली की तीच यंत्रणा जोडण्यांची अदलाबदल करी. त्यामुळे धन टोक धनच राही.

आता बॅटऱ्यांकडे. एकच बॅटरी का पुरली नाही? शिसे-आम्ल घटाचा नाममात्र विद्युतदाब 2 व्होल्ट, पण तो आकडा फसवा आहे. घट रिकामा होत आला की तो सुमारे 1.8 व्होल्टवर उतरतो आणि भारित होण्याच्या शेवटच्या टप्प्यात त्याला 2.6 व्होल्टच्या आसपास दाब द्यावा लागतो. 12 घटांची 24 व्होल्टची बॅटरी घेतली तर या दोन टोकांचे आकडे 21.6 आणि 31.2 व्होल्ट असे येतात. हीच बॅटरी भारित होत असताना दिवेही तिलाच थेट जोडलेले असतील, तर 24 व्होल्टच्या दिव्यावर 31 व्होल्टचा दाब पडेल. पुढच्या काळातल्या टंगस्टनच्या दिव्यासाठी अनुभवजन्य नियम असा की प्रकाश दाबाच्या साधारण साडेतीनाव्या घाताने वाढतो आणि आयुष्य तेराव्या घाताच्या आसपास घटते. दाब 1.3 पट झाला तर प्रकाश अडीचपट, आणि आयुष्य सुमारे तिसावा हिस्सा. महिनाभर टिकणारा दिवा एका दिवसात जाईल. कार्बनच्या तंतूचे गणित आकड्यांत थोडे वेगळे, पण गत तीच.

स्टोनच्या अभियंत्यांनी मग काम वाटून दिले. डब्याखाली दोन बॅटऱ्या ठेवल्या. गाडी धावत असताना जनित्राचा मुख्य प्रवाह एका बॅटरीत जाई. तिचा दाब चढो वा उतरो, दिव्यांशी तिचा थेट संबंध नसे. दुसरी बॅटरी दिव्यांच्या बाजूला जोडलेली असे आणि जनित्र व दिवे यांच्या मध्ये एक रोध घातलेला असे. जनित्राचा जास्तीचा दाब त्या रोधात खर्ची पडे, आणि उरलेली वध-घट ही दुसरी बॅटरी पोटात घेई. प्रवाह थोडा जास्त आला तर ती तो साठवी, कमी पडला तर आपल्याकडून भर घाली. नदीकाठच्या विहिरीने पुराचे पाणीही झेलावे आणि उन्हाळ्यातही पातळी धरावी, तसे काहीसे. गाडी उभी राहिली की दोन्ही बॅटऱ्या समांतर जोडणीत येऊन दिवे जाळत. एकच बॅटरी सतत राबू नये म्हणून त्यांच्या भूमिका आळीपाळीने बदलल्या जात.

भारतात विजेचे दिवे डब्यांत नेमाने बसवण्याचा पहिला मान 1902 मध्ये जोधपूर रेल्वेकडे जातो. मुंबई-ठाणे गाडी 1853 मध्ये धावली त्याला तोवर जवळपास अर्धशतक उलटले होते. मोठ्या, श्रीमंत कंपन्यांच्या आधी राजपुतान्यातल्या एका संस्थानी रेल्वेने हे पाऊल उचलावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

वाळवंटातला उष्मा मात्र बॅटरीचा शत्रू. तापमान चढले की घटातल्या रासायनिक क्रिया वेगाने होतात, पाणी उडते, पत्रे उघडे पडतात. जेथे पत्रा कोरडा पडला तेथे शिशाचे सल्फेट घट्ट स्फटिकांत बसते आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो. म्हणून ठरावीक दिवसांनी डब्याखाली वाकून, प्रत्येक घटाचे झाकण काढून, ऊर्ध्वपातित पाणी भरणारा आणि काचेच्या तरकाट्याने आम्लाची घनता तपासणारा कामगार हा भारतीय रेल्वेच्या प्रकाशाचा खरा रखवालदार झाला. दिव्यांचे श्रेय कधी त्याच्यापर्यंत पोचले नाही. पोचली ती फक्त अंधाराची तक्रार.

अंधार बहुधा हळू गाड्यांच्याच वाट्याला येई, यामागेही भौतिकशास्त्र आहे. नियंत्रकाची कळ ठरावीक गतीशिवाय जुळत नाही. मेल गाडी ती गती तासन्‌तास राखते. प्रत्येक स्थानकावर थांबणारी, क्रॉसिंगसाठी बाजूला काढली जाणारी पॅसेंजर गाडी ती थोडाच वेळ गाठते, आणि थांब्यात दिवे तर जळतच असतात. जमा कमी, खर्च जास्त. त्यात पट्टे आणि घट चोरीला जाण्याचे दुखणे. कारण काहीही असो, गरीब प्रवाशाच्या डब्यातला उजेड तुलनेने कच्चा राहिला, आणि त्यात व्यवस्थेच्या उदासीनतेचा वाटा कमी नव्हता.

दोन बॅटऱ्यांची पद्धत पुढे मागे पडली. कमी विजेवर जास्त प्रकाश देणारे धातूच्या तंतूचे दिवे आले, विद्युतदाब आपोआप सांभाळणारे नियामक सुधारले, आणि दुसऱ्या बॅटरीचे वजन व देखभाल नकोशी झाली. भारतीय डब्यांत 24 व्होल्टची जागा 110 व्होल्टने घेतली. तेवढीच शक्ती 110 व्होल्टने न्यायची तर प्रवाह 4.6 पटींनी कमी लागतो, आणि तारांत उष्णतेच्या रूपाने होणारी हानी प्रवाहाच्या वर्गानुसार बदलत असल्याने ती त्याच तारेत सुमारे एकविसावा हिस्सा होते. डायनॅमो जाऊन ब्रश नसलेले प्रत्यावर्ती जनित्र आले. डायोडांनी उलट्या प्रवाहाचा आणि उलट्या दिशेचा प्रश्न एकाच फटक्यात, कोणताही हलता भाग न ठेवता मिटवला. बिनवातानुकूलित डब्यासाठी 4.5 किलोवॅटचे जनित्र आणि 110 व्होल्ट, 120 अँपिअर-तासाची बॅटरी हे प्रमाण ठरले. म्हणजे नाममात्र सव्वातेरा युनिट वीज. वातानुकूलित डब्याला प्रत्येकी 25 किलोवॅटची दोन जनित्रे लागतात.

तरीही दोन बॅटऱ्यांच्या कल्पनेने रेल्वे पुरती सोडली नाही. स्वतःची वीज करणाऱ्या डब्यांच्या टोकांना आणीबाणीच्या जोडणीची टोके असतात. एका डब्याची बॅटरी बसली की शेजारच्या डब्याकडून वीज उसनी घेता येते. हा उसनवार फार जपून करावा लागतो. भरलेली आणि रिकामी अशा दोन बॅटऱ्या समांतर जोडल्या की भरलेलीकडून रिकामीकडे प्रवाह धावतो, आणि मध्ये असतो केवळ तारांचा व घटांचा अंतर्गत रोध. तो क्षुल्लक असल्याने प्रवाह प्रचंड होऊ शकतो. काळजी घेतली नाही, तर सकाळपर्यंत एका अंधाऱ्या डब्याऐवजी दोन अंधारे डबे होतात. मुंबईच्या लोकलमध्ये जुन्या काळी एकदिश आणि प्रत्यावर्ती विजेच्या सीमेवर गाडी काही क्षण पुरवठ्याविना धावे आणि मोजके दिवे तेवढे तेवत राहत. तेही बॅटरीचेच देणे होते. आता इंजिनाच्या रोहित्रातूनच सबंध गाडीला वीज देण्याची पद्धत रुळली आहे आणि गाडीच्या टोकांना घरघरणारे डिझेल जनित्रांचे डबे हटत आहेत. डब्यातली बॅटरी मात्र हटलेली नाही.

रस्त्यावरच्या वाहनांत हाच प्रश्न वेगळ्या वेषात आला. चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेचा स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅक मोटारीत बसला, तेव्हा एकाच बॅटरीचे घट सुरुवातीला एकसर जोडून 24 व्होल्ट आणि एरवी समांतर जोडून 6 व्होल्ट मिळवले होते. इंजिन फिरवायला काही सेकंद शेकडो अँपिअर लागतात, दिव्यांना तासन्‌तास थोडेसे. पहिल्या कामासाठी पातळ आणि पुष्कळ पत्रे हवेत, दुसऱ्यासाठी जाड. इंजिन सुरू करण्यासाठी घडवलेली बॅटरी वारंवार तळापर्यंत रिकामी केली तर लवकर मरते. म्हणूनच रुग्णवाहिका, फिरती प्रयोगशाळा, दूरच्या मुक्कामाला जाणारी गाडी, अशा वाहनांत दुसरी बॅटरी बसवतात: आतली उपकरणे रात्रभर चालली तरी सकाळी इंजिन सुरू झाले पाहिजे. दोघींच्या मध्ये डायोड घातला तर उलटा प्रवाह थांबतो, पण डायोड स्वतः सुमारे 0.7 व्होल्ट खातो. 14.4 व्होल्टऐवजी 13.7 व्होल्ट मिळणारी बॅटरी वर्षानुवर्षे अर्धपोटी राहते आणि सल्फेटने मरते. म्हणून इंजिन चालू असतानाच दोघींना जोडणारा रिले वापरतात, किंवा दाब स्वतंत्रपणे वाढवून दुसऱ्या बॅटरीला पुरवणारा परिवर्तक. केंद्रोत्सारी नियंत्रकाची कळ जे करत होती, तेच हा रिले करतो.

2018 मध्ये मारुती सुझुकीने सियाझ मोटारीत शिसे-आम्ल बॅटरीच्या जोडीला एक छोटी लिथियम-आयन बॅटरी दिली. ब्रेक लावताना मिळणारी ऊर्जा काही सेकंदांत, झटक्याने येते. शिसे-आम्ल घट ती तेवढ्या वेगाने गिळू शकत नाही, लिथियम-आयन घट गिळतो. एकीने लहरी प्रवाह झेलावा, दुसरीने नेहमीचा भार स्थिर सांभाळावा, ही वाटणी डेटफर्डच्या अभियंत्यांना सहज ओळखू आली असती.

आणि पूर्ण विजेवर चालणारी मोटार? 2020 मध्ये बाजारात आलेल्या नेक्सॉन ईव्हीत 30.2 युनिट वीज साठवणारी लिथियम-आयन बॅटरी होती. तिचा विद्युतदाब तीनशे व्होल्टच्या वर. गाडी उभी असताना सुरक्षिततेसाठी ही बॅटरी उर्वरित गाडीपासून विद्युतचुंबकीय संपर्ककांनी तोडलेली असते. ते संपर्कक मिटवायला, संगणक जागा करायला, दाराचे कुलूप उघडायला वीज लागते, आणि ती येते 12 व्होल्टच्या एका साध्या शिसे-आम्ल बॅटरीतून. ही छोटी बॅटरी बसली तर तीस युनिट वीज पोटात असूनही गाडी जागची हलत नाही. अशा वेळी शेजारच्या गाडीतून दोन तारा ओढून 12 व्होल्ट उसने घेतले जातात, धन टोकाला धन, ऋणाला ऋण, अगदी पॅसेंजरच्या अंधाऱ्या डब्याला शेजारचा डबा देतो तसे.